गॅदरिंग शेवटच्या गाडीच्या आधी!

मैत्रिणींनो, संक्रांत आली की आपल्याकडे दोन गोष्टींची लगबग सुरू होते. घरोघरी हळदीकुंकू आणि कॉलेजात गॅदरिंग. हळदीकुंकवाला आपण रथसप्तमीपर्यंत रोज कुणाकडे ना कुणाकडे जातो. वाण घेतो, उखाणे घेतो, गप्पांत उशीर झाला तर एकमेकींच्या सोबतीनं घरी येतो. घरचे कुणी काही म्हणत नाहीत. पण त्याच दिवसांत लेकीनं विचारलं, "आई, परवा गॅदरिंग आहे, थांबू का गं?" तर आपल्या तोंडून पटकन काय निघतं? "परीक्षा तोंडावर आली नं! पोरीच्या जातीले कायले पाह्यजे थे गॅदरिंग?"

परीक्षेचं म्हणाल तर ते अगदीच खोटं नाही. सत्र पद्धती आल्यापासून कॉलेजचं वर्ष दोन तुकड्यांत वाटलं गेलं आहे. एक हिवाळी परीक्षा, एक उन्हाळी परीक्षा. पहिली संपते न संपते तोच दुसरीचा अभ्यास, प्रॅक्टिकल आणि प्रकल्पाच्या वह्या सुरू. या दोन परीक्षांच्या मधल्या फटीत खेळ, रांगोळी, वक्तृत्व, आनंद मेळावा, स्नेहसंमेलन, बक्षीस वितरण, निरोप समारंभ सगळं कोंबलेलं असतं. नेमके तेच दिवस आपल्याकडे कापूस वेचायचे आणि तूर सोंगायचे. घरात हात कमी पडतात आणि पहिला हात ओढला जातो तो लेकीचाच. मुलगा मात्र गॅदरिंगला जातो. तो गेला काय, न गेला काय, कुणी विचारतही नाही!

मला आज विचारायचं आहे ते एवढंच. गॅदरिंग म्हणजे नुसतं नाचगाणं आहे का, की ते चुकलं तर पोरीचं काही बिघडत नाही? मला विचाराल तर बिघडतं. बरंच बिघडतं.

आनंद मेळाव्याचंच घ्या. चार मैत्रिणी मिळून तर्री-पोह्याचा स्टॉल लावतात. प्रत्येकीनं दीडशे काढले, सहाशे झाले. पोहे, हरभरा, तेल, कांदे, कागदी प्लेटा आणल्या. वीस रुपये प्लेट, पन्नास प्लेटा खपल्या, हजार आले. पोरी खुशीत की चारशेचा नफा झाला! मग घरी आल्यावर आई विचारते, "गॅस कोणाचा जाळला? शेंगदाणे कोणत्या डब्यातले होते? सांभार कोणी निवडला?" पोरी एकमेकींच्या तोंडाकडे बघतात. मालाची किंमत, आपल्या मेहनतीची किंमत, घरातून फुकट आलेल्या वस्तूची किंमत हा हिशेब पुस्तकात असतोच, पण डोक्यात शिरतो तो असा. आपल्यातल्या कितीतरी जणी हे बचत गटात शिरल्यावर, पस्तिशी-चाळिशीत शिकल्या. लेकीला ते एकोणिसाव्या वर्षी शिकायला मिळत असेल तर आपण तिला का अडवायचं?

दुसरी गोष्ट माइकची. तीनशे लोकांसमोर उभं राहून चार वाक्यं न अडखळता बोलणं सोपं नसतं. पहिल्यांदा पाय कापतात, घसा कोरडा पडतो, लिहून आणलेला कागद हातात थरथरतो. दुसऱ्यांदा थोडं कमी. तिसऱ्यांदा कागद लागत नाही. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तरी अजून कितीतरी गावांत सरपंचबाई खुर्चीत बसतात आणि बोलतात त्यांचे यजमान. का? त्या बाईला अक्कल नसते म्हणून? छे! तिला चारचौघांत बोलायची सवयच कुणी लागू दिली नाही म्हणून. कॉलेजचा मंच ही त्या सवयीची पहिली पायरी आहे. तीच चुकली तर पुढच्या पायऱ्या कोण चढणार?

हे काही मी नवीन सांगत नाही. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळांमधल्या मुलींची परीक्षा जाहीरपणे, लोकांसमोर घेतली गेली होती. बघायला मोठी गर्दी लोटली. मुलगी शिकते एवढंच पुरेसं नाही, ती शिकलेली लोकांना दिसली पाहिजे, हे त्या काळात ओळखलं गेलं होतं. आणि आपण तर वर्धा जिल्ह्यातल्या! १९३७ मध्ये नई तालीमचा विचार देशापुढे आला तो वर्ध्याच्याच शिक्षण परिषदेतून. हातानं काम करत, एकमेकांत राहत शिकायचं, हा त्याचा गाभा. आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी तर खंजिरी हातात घेऊन गावंच्या गावं जागी केली. त्यांचा गुरुकुंज मोझरीचा आश्रम तळेगावहून अमरावतीला जाताना रस्त्यावरच लागतो. त्यांनी ग्रामगीतेत महिलांच्या उन्नतीवर वेगळा अध्याय लिहिला. तेव्हा भजन, गाणं, मेळा म्हणजे टाइमपास, असं निदान आपण तरी म्हणू नये.

आता तर हे गुणपत्रिकेतही येऊ लागलं आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे राज्यातल्या विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला जो नवा आराखडा लागू झाला, त्यात एनएसएस, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक उपक्रम यांनाही श्रेयांक आहेत. म्हणजे "त्याचे का मार्क भेटते?" हा आपला जुना प्रश्नही निकालात निघाला!

मग पोरी मागे का राहतात? मैत्रिणींनो, आमच्या तळेगावचं सांगते. नाव घेतलं की लोकांना पुण्याजवळचं तळेगाव आठवतं. आमचं तळेगाव श्यामजी पंतांचं, आष्टी तालुक्यातलं, नागपूर-अमरावती महामार्गावरचं. महामार्गावर रात्रभर गाड्या धावतात, पण त्या आमच्या पोरींच्या काय कामाच्या? आजूबाजूच्या खेड्यांतल्या मुली कॉलेजला आर्वी, आष्टी, कारंजा अशा गावी जातात ते एसटीच्या पासवर. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून पास फुकट. पुढे सवलतीचा पास, एक तृतीयांश पैशात. २०२३ च्या मार्चपासून तर बायकांना एसटीत अर्धंच तिकीट आहे. म्हणजे पैशाची अडचण बरीच सुटली. अडचण आहे ती वेळेची. खेड्याची शेवटची गाडी अंधार पडायच्या सुमारास सुटते. ती चुकली की ऑटोवाल्याचे पाय धरा, नाहीतर भावाला मोटरसायकल घेऊन बोलवा. भाऊ शेतात असला तर तेही नाही.

आणि गॅदरिंग सुरू कधी होतं? पाहुणे येणार अकराला, येतात दीडला. मग सत्कार, शाली, श्रीफळं, मग लांबलचक भाषणं. मुलांचे कार्यक्रम सुरू होतात तेव्हा चार वाजून गेलेले असतात. महिनाभर नाच बसवलेल्या खेड्यावरच्या पोरी साडेचारला पिशवी उचलून, चेहऱ्यावरची पावडर रुमालानं पुसत स्टँडकडे पळतात. त्यांचा नंबर लागतो तेव्हा त्या गाडीत खिडकीशी बसलेल्या असतात! स्टँडवर बसल्या-बसल्या मी हे दर वर्षी बघते. दोष कुणा एका कॉलेजाचा नाही. सगळीकडची तऱ्हा सारखीच. पण कार्यक्रमाची वेळ पाहुण्यांच्या सोयीनं ठरते, गाडीच्या वेळेनं ठरत नाही, ही गोष्ट काही लहान नाही.

ज्या थांबतात त्यांच्या वाट्याला तरी काय येतं? रांगोळी पोरींनी काढायची. दारात कुंकू लावायला, ओवाळायला, पाहुण्यांना गुच्छ द्यायला पोरी. स्वागतगीत पोरींचं. आणि वर्गणीची वही, साउंडवाल्याशी भाव करणं, मंडपाचं बिल, सगळ्यांचा माइक? ते पोरांकडे. म्हणजे घरात जे होतं तेच तिथं! रांगोळी काढू नये असं मी म्हणत नाही, हौसेनं काढावी. पण एखाद्या वर्षी वही पोरीकडे आणि रांगोळी पोराकडे द्यायला काय हरकत आहे? बघू द्या ना त्यांनाही, ठिपके जुळवताना कंबर कशी भरून येते ते.

आता आयांच्या मनातली खरी भीती. ती गाडीचीही नाही आणि परीक्षेचीही नाही. ती मोबाइलची आहे. पोरगी मंचावर नाचली, कुणी तरी व्हिडिओ काढला, तिसऱ्या मिनिटाला तो गावभर. खाली कोण काय लिहील सांगता येत नाही. उद्या सोयरिकीला आलेली माणसं तेच दाखवतील... ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण भीतीवर उपाय पोरीला घरी बसवणं हा नव्हे. व्हिडिओ काढणारा मोकळा आणि नाचणारी कोंडलेली, हा कुठला न्याय? कॉलेजनं आधीच नियम करावा की मंचाचं चित्रण कॉलेजनं ठरवलेलाच माणूस करेल, बाकीचे मोबाइल खिशात. २०१३ च्या कायद्यानं आणि नंतर आलेल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असणं सक्तीचं केलं आहे. त्या समितीतल्या बाईंचं नाव आणि फोन नंबर आपल्याला ठाऊक आहे का? नसेल तर गॅदरिंगच्या आधी लेकीला विचारून घ्या. तिलाही ठाऊक नसेल, तर विचारायची वेळ झाली असं समजा!

खर्चाचंही बोललं पाहिजे. एका दिवसाच्या नाचासाठी भाड्याचा ड्रेस, मेकअप, मॅचिंग दागिने. ज्या घरात खताची उधारी बाकी आहे तिथली पोरगी हे मागतच नाही. गुपचूप नाव मागे घेते आणि "मला नाही आवडत" म्हणते. तिचं हे "नाही आवडत" आपण ओळखायला हवं. आईची नऊवारी, मावशीचा शालू, शेजारच्या काकूंची ठुशी एवढ्यात लावणी होते, आदिवासी नृत्यही कमी पैशात होतं. भाड्याच्या ड्रेसला बंदी, असं कॉलेजनंच ठरवलं तर कुणालाच कमीपणा वाटणार नाही.

आणि एक जात तर आपण विसरूनच गेलो. शिकणाऱ्या सुना! १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुरू झालं, आणि लग्नामुळे शिक्षण सुटलेल्या कितीतरी जणींनी घर-शेत-लेकरं सांभाळून तिथून पदवी घेतली. पण त्यांना कॉलेज माहीत आहे ते फक्त रविवारच्या तासांपुरतं. सुटीच्या दिवशी तास, मग परीक्षा, मग घर. ना गॅदरिंग, ना निरोप समारंभ. त्यांच्यासाठीही सत्राच्या शेवटी एक दुपार ठेवता येणार नाही का? तिळगूळ द्या, लेकरांना सोबत येऊ द्या, सासूबाईंना मुद्दाम बोलवा आणि सुनेला त्यांच्यासमोर दोन शब्द बोलू द्या. सून काय शिकते ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढच्या परीक्षेच्या वेळी सासूच म्हणेल, "तू जाय, मी टाकतो भाकरी."

तर करायचं काय? फार काही नाही. कॉलेजच्या पालक सभेची चिठ्ठी येते. ती आपण चहाच्या डब्यामागे खोचून ठेवतो आणि जायचं काम बाबांवर सोडतो. यंदा आपण जाऊ. एकटीनं नको, गावातल्या चौघी-पाचजणी मिळून जाऊ. प्राचार्यांना साधं सांगू, "सर, कार्यक्रम सकाळी दहाला सुरू करा. आधी मुलांचे कार्यक्रम, मग पाहुण्यांची भाषणं. चारला सगळं आटोपा." पाहुण्याला उशीर झाला तर कार्यक्रम थांबायचा नाही, असंही सांगू. मोठा कार्यक्रम असेल तर गाडीची सोय एसटीकडे मागता येते. आमच्या तळेगावला तर आगारच आहे. लग्नाच्या वऱ्हाडाला प्रासंगिक करारावर एसटी मिळते ना? मग पोरींच्या गॅदरिंगला दोन-तीन गावांनी मिळून का मिळू नये? निदान त्या एका दिवसापुरती शेवटची गाडी तासभर उशिरा सोडा, असा अर्ज कॉलेजच्या लेटरहेडवर आगार व्यवस्थापकांना आठ दिवस आधी देता येतो. मिळेल, न मिळेल. मागायला काय पैसे पडतात?

आणि सगळ्यात मोठं काम घरातलं. त्या दिवशी वेचणीला लेकीच्या जागी तिच्या भावाला पाठवा. कापूस एका दिवसानं कुठं पळून जात नाही. जमलं तर आपणही जाऊन मागच्या खुर्चीवर बसा. आई बसलेली दिसली की टवाळखोर पोरांची जीभ आपोआप आवरते, आणि मंचावरच्या पोरीचा आवाज एक पट्टी वर चढतो. तिचा नाच चुकला तरी चालेल. पहिला नंबर नाही आला तरी चालेल. ती तिथं होती, तिचं नाव माइकवरून पुकारलं गेलं आणि ते ऐकायला तिची माय हजर होती, हे ती जन्मभर विसरणार नाही.

हळदीकुंकवाला यंदा एक घर कमी करा, पण लेकीच्या गॅदरिंगला नक्की जा!