फॉर्म भरला, पण पोच कुठंय?



आज पिकावर नाही, वेबसाईटवर लिहितोय. हसू नका. आमच्या गटाची वीस क्विंटल ज्वारी ह्या पायी मोंढ्यात मिळेल त्या भावानं गेली, म्हणून लिहितोय.

मागच्या हिवाळ्यात परभणीत एका कृषी प्रदर्शनात आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा स्टॉल होता. 'परभणी शक्ती' ज्वारी मांडली होती. आपलं विद्यापीठ आणि इक्रिसॅटनं मिळून काढलेला, 2018 साली आलेला वाण. लोह आणि जस्त जास्त असल्यामुळं शहरात ह्या ज्वारीला विचारणारे लोक आहेत. पुण्याचे एक दुकानदार स्टॉलवर आले, पाटी वाचली आणि म्हणाले, "अहो, तुम्हाला मी दोनदा लिहिलं. वेबसाईटवर फॉर्म भरला. वीस क्विंटल पाहिजे होती. उत्तरच नाही. मग दुसरीकडून घेतली."

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं. आम्हाला एकही मेल आलेला नव्हता.

शोध घेतला. वेबसाईट ज्या पोरानं करून दिली होती, त्यानं फॉर्म बसवताना मेल कुठं जावा ती जागा तशीच ठेवली होती. तशीच ठेवली की मेल जातो साईटच्या ॲडमिनच्या पत्त्यावर, आणि ॲडमिन म्हणून त्याचाच मेल टाकलेला. पोराला पुण्यात नोकरी लागली, तो जुना मेल बघणं त्यानं सोडलं. त्याला फोन करून उघडायला लावला तर एक्केचाळीस निरोप पडलेले, त्यातले निम्मे स्पॅममध्ये. कर्ज देतो, लॉटरी लागली असला कचरा काढून टाकला तर सतरा खरे निघाले. एक पालम तालुक्यातल्या शेतकऱ्याचा होता, जून महिन्यातला. "पेरणी आठ दिवसावर आली, सोयाबीनचं बियाणं शिल्लक आहे का?" तव्हा आमच्या गोदामात सहा बॅगा शिल्लक होत्या.

त्या पोराला मी दोष देत नाही. आम्ही अकरा संचालक, आणि दोन वर्षांत एकानंही स्वतःचा फॉर्म स्वतः भरून बघितला नाही. पंप बसवला की आपण पाणी पडेपर्यंत तिथंच उभं राहतो. फॉर्म बसवला आणि फोटो काढून निघून आलो.

माझं मत साधं आहे. ज्या फॉर्मची पोच देता येत नाही, तो फॉर्म वेबसाईटवरून काढून टाका. नुसता फोन नंबर ठेवा, तो बरा. बंद फॉर्म हा बंद दारापेक्षा वाईट. दार बंद दिसलं की माणूस दुसरीकडं जातो. इथं तो निरोप ठेवून वाट बघत बसतो.

पोच म्हणजे काय हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. तहसीलला अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय आपण जागचं हलत नाही. 2024 च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला अतिवृष्टी झाली, तव्हा पीक विम्याची सूचना 72 तासांत द्यायची होती. रात्री रेंज शोधत लोक गच्चीवर चढले, का तर तो डॉकेट आयडी पाहिजे होता. नंबर हातात असला तर पुढं भांडता येतं. महाडीबीटीवर अर्ज केला तरी अर्ज क्रमांक मिळतो. आणि आपण स्वतः कंपनी काढतो, वेबसाईट करतो, तव्हा समोरच्याला देतो काय? "धन्यवाद, आपला संदेश पाठवला आहे." एवढंच.

ती ओळसुद्धा अर्धीच खरी असते, हे मला आता कळलं. "पाठवला" म्हणजे वेबसाईटच्या सर्व्हरनं पत्र पुढं सरकवलं. ते आपल्या हातात पडलं का नाही, हे त्याला ठाऊक नसतं. मधे पत्र अडतं कुठं, हे समजून घ्या. सोपं आहे.

बऱ्याच वेबसाईट वर्डप्रेसवर असतात. तिथं काही वेगळं बसवलं नाही तर मेल सर्व्हरवरून तसाच सुटतो, ओळखपत्र नसलेल्या माणसासारखा. मेल घेणारा, म्हणजे जीमेल वगैरे, दारात तीन गोष्टी बघतो. एसपीएफ म्हणजे डोमेनच्या मालकानं जाहीर केलेली यादी, माझ्या नावानं पत्र कोणकोणत्या सर्व्हरनं पाठवायचं ती. डीकेआयएम म्हणजे पत्रावरचा सही-शिक्का. आणि डीमार्क म्हणजे ओळख जुळली नाही तर पत्राचं काय करायचं, हा मालकाचा आदेश. फेब्रुवारी 2024 पासून गुगलनं जीमेलवर येणाऱ्या पत्राला पहिल्या दोनपैकी किमान एक ओळख सक्तीची केली. म्हणजे आधी कसाबसा येणारा मेलही नंतर स्पॅममध्ये पडू शकतो किंवा दारातूनच परत जाऊ शकतो.

सगळ्यात मोठी चूक 'प्रेषक' ह्या रकान्यात होते. फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता प्रेषक म्हणून टाकलेला असतो. वाटतं बरोबरच आहे, त्यानंच लिहिलं ना. पण पत्र निघतं आपल्या सर्व्हरवरून आणि नाव त्याचं. सातबारा एकाचा आणि खरेदीखतावर सही दुसऱ्याची. दुय्यम निबंधक ते खत घेईल का? जीमेलही घेत नाही.

आम्ही जे केलं ते क्रमानं सांगतो. तुमच्या वेबसाईटवाल्याला हीच यादी द्या.

1) मेल कुणाकडं जातो ते आधी बघा. तिथं कंपनीचा पत्ता पाहिजे, आणि तो रोज उघडणारे दोन माणसं पाहिजेत. एकच ठेवला की लग्नसराईत गाडी अडते.

2) प्रेषकात आपल्याच डोमेनचा पत्ता ठेवा. भरणाऱ्याचा पत्ता 'रिप्लाय-टू' मध्ये टाका. मग उत्तर द्या म्हटलं की ते थेट त्याला जातं.

3) एसएमटीपीचं प्लगिन बसवा, म्हणजे मेल खात्यात रीतसर लॉगिन होऊनच सुटतो. डोमेनचा मेल नसेल तर कंपनीचं जीमेल चालतं, मग प्रेषकातही तेच जीमेल ठेवा. त्याला टू-स्टेप सुरू करून सोळा अक्षरांचा ॲप पासवर्ड काढावा लागतो. तोच वेबसाईटमध्ये टाकायचा. खात्याचा खरा पासवर्ड कुणालाही देऊ नका.

4) मेल हरवला तरी निरोप हरवू नये. कॉन्टॅक्ट फॉर्म 7 हे प्लगिन लय ठिकाणी असतं, पण ते आलेले निरोप स्वतः साठवून ठेवत नाही. त्याच्या जोडीला फ्लेमिंगो बसवलं की प्रत्येक निरोप वेबसाईटच्या आत जमा राहतो. ते आपलं आवक रजिस्टर.

5) रकाने थोडेच ठेवा: नाव, मोबाईल, गाव-तालुका, काय पाहिजे, किती पाहिजे. मोबाईल सक्तीचा करा, मेल नाही. आधार, बँक खातं, सातबारा ह्यातलं काहीच मागू नका. जे सांभाळता येत नाही ते गोळा करायचं कशाला?

6) भरणाऱ्याला आपोआप पोच जाऊ द्या: "निरोप मिळाला, दोन दिवसांत फोन करू, नाही आला तर ह्या नंबरवर लावा." पण त्याआधी कॅप्चा बसवा, नाहीतर यंत्रं फॉर्म भरत राहतात आणि आपल्या नावानं भलत्यांनाच पोच जात राहते.

7) दर महिन्याच्या एक तारखेला दुसऱ्याच्या मोबाईलवरून स्वतः फॉर्म भरा. मेल आला का, स्पॅममध्ये पडला का, पोच गेली का, बघा. दहा मिनिटांचं काम.

आता कुणी म्हणेल, "दादा, व्हॉट्सॲप असताना हा उपद्व्याप कशाला?" बरोबर आहे. गावातल्या गावात व्हॉट्सॲपच चालतं, आणि वेबसाईटवर त्याचं बटण जरूर ठेवा. पण व्हॉट्सॲप असतं एका माणसाच्या फोनमध्ये. सचिव बदलला, फोन फुटला, की सगळा हिशोब त्याच्यासोबत गेला. आणि मोठा खरेदीदार लेखी मागतो. त्याच्या ऑफिसात मेल दाखवल्याशिवाय खरेदीचा कागद पुढं सरकत नाही. ज्या गटाला हे सगळं झेपत नाही त्यानं गुगल फॉर्म करावा. निरोप आपोआप शीटमध्ये जमा होतात आणि नवीन आला की मेल येण्याची सोय तिथंच सुरू करता येते. त्यात कमीपणा काहीच नाही.

एक शब्द तज्ज्ञ मंडळींसाठी. कृषी सल्ला देणाऱ्या बऱ्याच ठिकाणी 'तज्ज्ञांना विचारा' असा फॉर्म असतो. शेतकरी त्यावर बोंडाचा फोटो टाकतो. कॉन्टॅक्ट फॉर्म 7 मध्ये फाईलची मर्यादा मुळात एक एमबीची असते, आणि आजच्या मोबाईलचा फोटो सहज तीन-चार एमबीचा. फोटो जात नाही, माणूस कंटाळून दुकानदाराला विचारतो आणि तो देईल ते औषध मारतो. मर्यादा वाढवणं म्हणजे एक आकडा बदलणं आहे. आणि वेळेचंही बघा. गुलाबी बोंडअळीचं आपणच सांगतो, सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की फवारणीचा निर्णय घ्या. निर्णय तीन रात्रींचा आणि फॉर्म उघडणार पंधरवड्यानं, हे गणित कसं जुळायचं? किसान कॉल सेंटरच्या 1800-180-1551 वर निदान माणूस तरी बोलतो. फॉर्म वाचायला माणूस नेमणं जमत नसेल तर तिथं हाच नंबर मोठ्या अक्षरात लिहा.

2020 मध्ये केंद्राची दहा हजार शेतकरी कंपन्यांची योजना आली, आपल्याकडं 'स्मार्ट' प्रकल्पही आला. कंपन्या झाल्या, वेबसाईटी झाल्या. उद्घाटनाचे फोटो आपण सगळ्यांनीच टाकले, आम्हीही टाकले. पण वेबसाईटचं काम उद्घाटनाला संपत नाही, तिथून सुरू होतं. पहिला निरोप येतो, कुणीतरी तो वाचतो, समोरच्याला फोन लावतो, तेव्हा ती वेबसाईट कंपनीची झाली. तोवर ती भिंतीवरची रंगवलेली पाटी.

त्या पालमच्या शेतकऱ्याला मी फोन केला होता. सात महिने उशीर झाला होता. त्यानं बियाणं बाहेरून महाग घेतलं होतं, पेरून, काढून मोकळा झाला होता. रागावला नाही. एवढंच म्हणाला, "मला वाटलं तुम्ही मोठी कंपनी, आमच्यासारख्याला कशाला उत्तर देताल."

हे वाक्य मला ज्वारीच्या नुकसानीपेक्षा जास्त लागलं. आपणही शेतकरी आणि तोही शेतकरी, आणि मधे एका रकान्यात चुकीचा पत्ता.

आज रात्री जेवण झाल्यावर आपल्या गटाच्या वेबसाईटवर जा, फॉर्म भरा आणि घड्याळ लावा. सकाळपर्यंत मेल आला तर चांगलंच. नाही आला तर वरची यादी घेऊन बसा. काय झालं ते खाली लिहा, आपण मिळून बघू.