जखम भरण्याचा अतिरेक

जखम भरून येणे ही निसर्गाची कृपा होय, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु घोड्याच्या पायाला झालेल्या जखमेत ही कृपाच पुष्कळदा संकट होऊन बसते. गुडघ्याखाली कातडी फाटली की काही दिवसांतच तेथे लालभडक, दाणेदार मांस उगवू लागते. ते जखमेच्या कडांच्या वर चढते, फुलकोबीसारखे पसरते आणि जरासा धक्का लागताच भळभळा वाहू लागते. जखम भरत आहे, या समजुतीने मालक निर्धास्त असतो. वस्तुतः भरण्याची क्रिया तेथेच अडलेली असते.

जखमेच्या तळातून उगवणारे मांसांकुर म्हणजे नव्या त्वचेसाठी घातलेली भर होय. ही भर कडांच्या पातळीला आली की थांबावी, जखम आकसावी आणि कडांकडून सरकत येणाऱ्या नव्या त्वचेने ती झाकावी, असा स्वाभाविक क्रम आहे. घोड्याच्या पायात हा क्रम बिघडतो. मांस वाढतच राहते आणि नव्या त्वचेला तो चढ ओलांडता येत नाही. त्या भागी स्नायूंचे आच्छादन जवळजवळ नाही, कातडी ताणून बसलेली, पावलागणिक हालचाल आणि धूळ व लीद सदैव निकट. म्हणूनच धडावरची मोठी जखम बहुधा सुखाने भरते, तर पायावरची लहानशी जखम महिनोन्‌महिने छळते.

नेदरलँड्समधील उट्रेक्ट विद्यापीठात जसिंटा विल्मिंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी घोडे आणि तट्टे यांच्या जखमांची तुलना केली. तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. तट्टांच्या जखमा लवकर आकसून भरल्या. घोड्यांच्या जखमांत मांस अधिक माजले. तट्टांच्या जखमेत आरंभीचा दाह जोरकस असतो व लवकर ओसरतो. घोड्यांत तो मंद असतो आणि रेंगाळतो. जो दाह वेळेवर व पुरेसा आला असता जखम स्वच्छ करतो, तोच रेंगाळला तर अनावश्यक मांस पोसतो. घोड्याच्या जखमेचे भवितव्य पहिल्या काही दिवसांत ठरते ते यामुळेच.

वाढलेले मांस ही गोष्ट भारतीय वैद्यकाला अपरिचित नव्हती. सुश्रुतसंहितेत व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत; त्यांत खोल व्रण भरून वर आणणारे ‘उत्सादन’ आहे, तसेच वर आलेले मांस खाली बसविणारे ‘अवसादन’ही आहे. भर घालणे आणि भर आवरणे ही दोन्ही चिकित्सेचीच अंगे होत, हा विवेक त्यामागे आहे. पण मोरचुदासारखे दाहक द्रव्य हाती लागेल तसे फासून मांस जाळणे म्हणजे हा विवेक नव्हे. असे द्रव्य मांसाबरोबर कडेची कोवळी त्वचाही जाळते आणि जखम पुन्हा पहिल्या पायरीवर येते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असाच हा प्रकार.

पशुवैद्य हे मांस पातळीपर्यंत छाटतो. त्यात संवेदना वाहणाऱ्या नसा नसल्याने ते छाटताना वेदना फारशी होत नाही. रक्तस्राव मात्र पुष्कळ होतो. म्हणून हे काम घरगुती वस्तऱ्याचे नव्हे. शिवाय वर आलेले प्रत्येक मांस याच जातीचे नसते. त्याखाली मेलेल्या हाडाचा तुकडा असू शकतो, माश्यांनी सोडलेल्या जंतांच्या अळ्या असू शकतात, किंवा सारकॉइड नावाची गाठही असू शकते. धनुर्वाताचा धोका तर घोड्याला विशेषच.

येथे प्रश्न वैद्यकाच्या कक्षेबाहेर जातो. माथेरानच्या चढणीवर पर्यटक वाहणारा किंवा लग्नाच्या वरातीत मिरवणारा घोडा हा बहुधा एखाद्या कुटुंबाचा रोजचा घास असतो. जखमी जनावराला विश्रांती देणे म्हणजे तितके दिवस चूल बंद ठेवणे. ‘भाड्याचे तट्टू’ हा वाक्प्रचार भाषेने कुत्सितपणे रूढ केला. त्या तट्टाला आजारी रजा नाही, हे मात्र कोणी ध्यानात घेतले नाही. जखमी जनावर कामाला जुंपणे हा १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरविला आणि पहिल्या अपराधाला दहा ते पन्नास रुपये दंड सांगितला. एवढ्या दंडाने निष्ठुर मालकाला जरब बसत नाही, आणि अगतिक मालकाच्या घोड्याची जखमही भरत नाही.

घोडे आता राहिलेत किती, असा आक्षेप घेतला जाईल. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे सव्वासहा लाख घोडे व तट्टे होती. २०१९ मध्ये ती सुमारे तीन लाख चाळीस हजारांवर आली. मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरविणारा निर्णय उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. पण संख्या घटली म्हणून उरलेल्यांची वेदना घटत नाही. उलट, घोड्यांची माहिती असलेला वैद्य गावोगावी दुर्मीळ होत जातो आणि मागे उरलेले जनावर अधिकच निराधार होते.

उपाय खर्चिक नाहीत. घोड्यांच्या प्रत्येक तळावर ठरलेल्या वारी पशुवैद्य यावा. स्वच्छ पाणी, निर्जंतुक पट्ट्या व धनुर्वाताची लस तेथे मिळावी. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचे सौदे होतात, तेथेच जखमेची पहिली निगा कशी राखावी याचे प्रात्यक्षिक दाखविता येईल. परेलचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून उभे आहे. अशा संस्थांतील विद्यार्थ्यांना या तळांवर शिकण्याजोगे पुष्कळ सापडेल. आणि ज्यांच्या व्यवसायाला घोड्यावर शोभा येते, त्यांनी जखमी जनावराच्या विश्रांतीच्या दिवसांचा थोडा भार उचलणे अन्यायाचे ठरणार नाही. जखम झाल्यावर पहिल्या आठवड्यात जे टाळले जाते, त्याची किंमत पुढे कित्येक महिने मोजावी लागते; आणि ती मोजणारा बोलू शकत नाही.