लेबनीज पार्सल आणि पांढरी वाटी

नवलाख उंबऱ्याच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. यजमान कारखान्यातून येताना कधीमधी तळेगावहून ‘लेबनीज’ जेवण बांधून आणतात. मुले तुटून पडतात, सासूबाई मात्र विचारतात, “यात आपल्या पोटाला चालण्यासारखं आहे तरी काय?”

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर सासूबाईंना आवडेल असेच आहे. हमस म्हणजे शिजवलेले काबुली चणे, तिळाचे वाटण, लसूण आणि लिंबू. अरबीत या शब्दाचा अर्थच मुळी चणे! फलाफल तर आपल्या डाळवड्याचा मावसभाऊ. चणे रात्रभर भिजवायचे, पण शिजवायचे नाहीत, नाहीतर वडे तेलात फुटतात. पिटा म्हणजे फुगलेली, आतून पोकळ रोटी. लेबनॉनच्या लोकांना हमसचा अभिमान इतका, की २०१० साली तिथल्या तीनशे आचाऱ्यांनी मिळून १०,४५२ किलो हमस केला. हाच आकडा का? तर देशाचे क्षेत्रफळ तितके चौरस किलोमीटर! आपला पुणे जिल्हासुद्धा त्याहून मोठा, बरं का.

तेव्हा चणे-तिळाची भीती नको. भीती आहे ती पार्सलातल्या छोट्या पांढऱ्या वाटीची. खरी लेबनीज लसणीची चटणी, तिला ‘तूम’ म्हणतात, ती लसूण, तेल, लिंबू आणि मीठ एवढ्यावरच घुसळतात. त्यात अंडे नसते. आपल्याकडे मात्र पुष्कळ ठिकाणी तिच्या जागी मेयोनेज देतात, आणि ते कच्च्या अंड्याचे असले तर उन्हात रोगजंतू वाढायला वेळ लागत नाही. केरळने २०२३ च्या जानेवारीत, तेलंगणाने २०२४ च्या ऑक्टोबरात आणि तामिळनाडूने २०२५ च्या एप्रिलमध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर बंदी घातली, ती उगीच नाही. दुकानदाराला सरळ विचारावे, “यात अंडं आहे का? कच्चं का?” उत्तर गुळमुळीत आले तर वाटी तिथेच ठेवावी. घरी चक्क्यात लसूण, मीठ, लिंबू घालून घ्या. मुलांना फरक कळणारही नाही.

शोर्म्याचेही तसेच. उभ्या सळईवरचे मांस बाहेरून भाजेल तसे कापायचे असते. गर्दीच्या वेळी घाई झाली की आतले कच्चे मांस पोळीत जाते. २०२४ च्या मे महिन्यात मुंबईत ट्रॉम्बेला गाडीवरचा चिकन शोर्मा खाऊन एकोणीस वर्षांचा तरुण दगावला. म्हणून रस्त्यात अर्धा-पाऊण तास जाणार असेल तर शोर्म्याऐवजी फलाफल मागवावे, आणि घरी आल्यावर कोरड्या तव्यावर चांगले कढत करून वाढावे. तयार झाल्यापासून दोन तासांत सारे संपवायचे. उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. उरलेला हमस लगेच फ्रिजमध्ये, तोही दुसऱ्या दिवसापर्यंतच. आणि मावळातल्या पावसात रात्रभर वीज गेली असेल, तर हळहळ न करता टाकून द्या.

सासूबाईंसाठी हमस घरीच करा ना! भिजवलेले चणे चिमूटभर सोडा घालून गाळ शिजवा, पांढरे तीळ मंद भाजून तेलाच्या हाताने वाटा, मग सगळे एकत्र घोटा. घट्ट वाटले तर चण्याचेच पाणी. ऑलिव्हचे तेल महाग पडते. घाण्याचे शेंगदाणा तेल वरून सोडले तर चव वेगळी येते, पण ज्वारीच्या भाकरीबरोबर फारच छान लागते.