खारजमिनीची पारख

अलिबागेकडील आमच्या एका आप्तांच्या घरीं सध्यां एकच विषय आहे. वडिलोपार्जित साडेतीन एकर खारजमीन. गेल्या पावसाळ्यांत खाडीकडील बांधाला खांड पडली आणि भरतीचें पाणी शेतांत शिरलें. थोरले दादा म्हणतात बांध घालूं, धाकटे म्हणतात विकून मोकळे होऊं. वहिनींचें मत कोणी विचारलें नाहीं. घरच्या तांदळाचा भात मात्र त्याच रांधीत आल्या आहेत. असो. आम्हांस सल्ल्यास बोलाविलें, तेव्हां जें पाहिलें तें येथें मांडतों. अशी जमीन असलेलीं घरें आमच्या वाचकांत थोडीं नसतील.

भरतीखालीं जाणारी चिखलवट बांधानें अडवावयाची आणि पावसाच्या पाण्यानें तिचें मीठ धुऊन काढावयाचें, एवढेंच खारीचें शास्त्र. बांधाला उघाडी असते. बाहेरचें पाणी चढलें कीं तिची झडप मिटते, ओहोटीला आंतल्या पाण्याच्या दाबानें उघडते. म्हणून पहिली पारख बांधाची, मातीची मागाहून. बांध पाहावयास अमावास्येस किंवा पौर्णिमेस जावें. तिथीची पाऊणपट केली कीं भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा ठोकताळा पंचांग असलेल्या कोणत्याही घरास लावतां येईल; पंधराव्या तिथीस सव्वाअकरा येतात, म्हणजे दुपारच्या सुमारास पाणी पूर्ण चढतें. त्या वेळीं बांधाचा माथा पाण्याच्या किती वर राहतो, खेकड्यांचीं बिळें किती, हें पाहावें. पावसाळ्यांत मुंबई बंदरांत साडेचार मीटरांहून उंच उधाणें अनेक दिवस येतात, हें मनांत धरावें. मग घरीं न परततां ओहोटीपर्यंत थांबावें. ओहोटीलाही जें शेत उघडें पडत नाहीं, त्यांतलें मीठ कितीही पाऊस पडला तरी जावयाचें कोठें?

“पण बांध घालणार कोण?” हा धाकट्यांचा प्रश्न खरा आहे. बांध एकट्याचा नसतो. शेजाऱ्याच्या हद्दींत खांड पडली तरी आपलें शेत बुडतें. पूर्वीं कागद आपल्यासारख्यांच्या पेटींत आणि मातीच्या टोपल्या आगरी कुळांच्या डोक्यावर, असा कारभार होता. चरीच्या शेतकऱ्यांनीं खोतीविरुद्ध १९३३ पासून १९३९ पर्यंत संप केला तो याच मुलुखांत, हें आपल्या घरांनीं विसरूं नये. पुढें १९४८ सालीं व पुन्हां १९७९ सालीं खारजमिनींसाठीं कायदे झाले. आपला बांध सरकारी योजनेंतला कीं खाजगी, हें आधीं विचारावें. खाजगी असल्यास सगळे हिस्सेदार बसवूनच पुढें पाऊल टाकावें.

आतां माती. पाऊस सरला कीं खालचें खारें पाणी हळूहळू वर चढतें आणि वैशाखांत जमिनीवर पांढरा थर दिसतो. एकदां तेव्हां व एकदां श्रावणांत, वीतभर आणि हातभर खोलीची माती निरनिराळी काढून तपासावी. प्रयोगशाळा क्षारता डेसीसायमन प्रति मीटर या मापानें सांगते. मातीच्या संपृक्त अर्काची क्षारता ३ च्या आंत असेल तर भातास सहसा इजा नाहीं. ७ च्या सुमारास पीक निम्म्यावर येतें. बीं रुजतांना बरेंच मीठ सोसतें. कोंवळें रोप आणि फुलोरा सोसत नाहींत. म्हणूनच ऐन मोसमांत पावसानें पंधरा दिवस दडी मारली तर खारीचा शेतकरी इतरांहून अधिक घाबरतो. पूर्वीं काळा रता व भुरा रता हे वाण होते. पनवेलच्या खारभूमि संशोधन केंद्राचे पनवेल १, २ व ३ हे वाण आतां आहेत. वाण मीठ सोसतो, समुद्र सोसत नाहीं. मीठ गेल्यावरही माती पावसांत लोण्यासारखी व उन्हांत दगडासारखी होत असेल, तर सोडियम मातीस चिकटून राहिला असें समजून जिप्समचा सल्ला घ्यावा.

खांड चार वर्षें तशीच राहिली तर मात्र कोणाचाच सल्ला चालत नाहीं. तेथें तिवरें उगवतात, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानें राज्यभर तिवरांच्या तोडीस बंदी आहे. सातबारा आपल्या नांवाचा म्हणून ती उठत नाहीं. उधाणाचा जोर तिवरें मोडतात हेंही खरें, म्हणून या बंदीस आम्ही नांवें ठेवणार नाहीं. परंतु भांडत बसलेल्या भावांचा निर्णय अशा वेळीं खाडीच करून टाकते.

आमच्या आप्तांच्या शेतांत ओहोटीला पाणी उतरून तळ उघडा पडला, ही जमेची बाजू. खांडीच्या तोंडाशीं तिवरांचीं वीतभर रोपें दिसलीं; मोजलीं तों अकरा भरलीं. बांधबंदिस्तीचे दिवस दिवाळीनंतरचे, म्हणजे आतांचेच. येत्या अमावास्येस दोघे भाऊ मिळून जाणार आहेत. वहिनींनीं डबा बांधून देण्याऐवजीं स्वतःच बरोबर जाण्याचें ठरविलें आहे.