शिक्षकांची सांधेदुखी: कायद्याच्या यादीत नसलेला आजार

खांदा आखडणे, मान अवघडणे, कंबर धरणे, टाचा दुखणे या तक्रारी शिक्षकवर्गात इतक्या सर्रास आढळतात की त्यांची आजार म्हणून गणनाच होत नाही. छत्तीसगडची राजधानी रायपूर याला अपवाद असण्याचे कारण नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यानुसार विविध देशांतील पाहण्यांत ३९ ते ९५ टक्के शिक्षकांनी स्नायू व सांध्यांच्या दुखण्याची तक्रार केली होती. पाहणीच्या पद्धती निरनिराळ्या असल्याने आकड्यांत मोठी तफावत दिसते. मात्र कंबर, मान आणि खांदा या जागा बहुतेक ठिकाणी समान आहेत.

याची कारणे वर्गातच सापडतात. फळ्यावर लिहिताना हात खांद्याच्या वर राहतो आणि खांद्यातील कंडरा हाडांच्या अरुंद फटीत वारंवार दाबल्या जातात. वह्या तपासताना मान तासन् तास खाली झुकलेली असते. सलग तासिका उभ्याने घेतल्याने कंबरेवर व पायांवर ताण येतो. बालवर्गाच्या शिक्षिकांना मुलांच्या उंचीएवढे वाकावे लागते, म्हणून त्यांच्यात गुडघ्यांच्या तक्रारीही दिसतात. उभ्याने शिकवणारा शिक्षकच कार्यतत्पर, या समजुतीने शिक्षकाला खुर्चीच न देणाऱ्या शाळा आहेत. या शिस्तीचा अध्यापनाशी संबंध काय, हे अनाकलनीय आहे.

छत्तीसगडमध्ये या दुखण्याला सेवाशर्तींचाही इतिहास आहे. अविभाजित मध्य प्रदेशापासून चालत आलेल्या पद्धतीनुसार हजारो शिक्षक ‘शिक्षाकर्मी’ म्हणून पंचायत व नगरीय संस्थांच्या सेवेत होते. आठ वर्षे सेवा झालेल्यांना शालेय शिक्षण विभागात सामावून घेण्यास १ जुलै २०१८ पासून प्रारंभ झाला. २०२५ मध्ये शाळांच्या समायोजनाद्वारे अतिरिक्त शिक्षकांना एकशिक्षकी व शिक्षकहीन शाळांकडे वळविण्यात आले. जेथे एकच शिक्षक सर्व वर्ग सांभाळतो, तेथे त्याला बसण्याची उसंत मिळत नाही. त्या दृष्टीने हा निर्णय दिलासा देणारा आहे. ज्यांना दूरच्या गावी जावे लागले, त्यांच्या कंबरेवर मात्र रोजच्या दुचाकी प्रवासाची भर पडते.

शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये अशैक्षणिक कामांना बंदी घातली, परंतु जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका यांचा अपवाद ठेवला. मतदार याद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणात छत्तीसगडचा समावेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला, तेव्हा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून घरोघरी फिरणाऱ्यांत शिक्षकही होते.

खरी अडचण मात्र वेगळी आहे. कायद्याला शिक्षकाच्या कामात श्रम दिसतच नाहीत. गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये शिक्षक औद्योगिक विवाद कायद्यातील ‘कामगार’ नाहीत असा निर्णय दिला. अध्यापन हे उदात्त कार्य आहे, ही त्यामागील भूमिका आदराची होती. त्या आदराची किंमत शिक्षकांना मोजावी लागली. २००४ मध्ये उपदान कायद्याच्या व्याख्येतही ते ‘कर्मचारी’ ठरले नाहीत. ही त्रुटी दूर करण्यासाठी संसदेला २००९ मध्ये दुरुस्ती करावी लागली.

आजारांच्या बाबतीत अशी दुरुस्ती झालेली नाही. १९२३ च्या भरपाई कायद्यातील व्यावसायिक रोगांच्या यादीत प्रामुख्याने शिसे, पारा, धूळ व रसायने यांपासून होणारे विकार होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० मधील आपल्या यादीत स्नायू व सांध्यांच्या विकारांना स्वतंत्र विभाग दिला. भारतीय यादीत फळ्यासमोरच्या खांदेदुखीला अद्याप स्थान नाही. परिणामी, दुखणे कामामुळेच जडले हे सिद्ध करण्याचा भार शिक्षकावर येतो आणि वैद्यकीय कागदपत्रांत ते ‘वयोमानानुसार’ या सदरात जमा होते.

उपाय खर्चिक नाहीत. फळ्याची उंची बेताची ठेवणे, उभ्याच्या तासिकांमध्ये बैठ्या कामाची तासिका घालणे, वर्गात खुर्ची असणे, एवढ्यानेही बराच फरक पडू शकतो. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात वर्गखोली, स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, क्रीडांगण, कुंपण यांचे निकष आहेत. शिक्षकाच्या खुर्चीचा उल्लेख नाही. रायपूरमध्ये २०१२ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था कार्यरत आहे. तेथे किंवा जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या शिक्षकाच्या केसपेपरवर व्यवसाय, सेवेची वर्षे आणि रोजच्या तासिका यांची नोंद होऊ लागली, तरी राज्य सरकारपुढे मांडण्याजोगी आकडेवारी दोन-तीन वर्षांत उभी राहू शकेल.