अंतर तेच, मग वेळ वेगळा का?



मुंबईहून लंडनला विमानाने जायला किती वेळ लागतो? तुम्ही म्हणाल, त्यात काय, अंतर सांगा, वेग सांगा, भागाकार आम्ही करतो!

ठीक आहे, करू या. पृथ्वीगोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरा. ती सर्वांत जवळची वाट. ती भरते सुमारे ७,२०० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरला, तर उत्तर येतं ९ तास. म्हणजे जाताना ९ आणि येतानाही ९.

पण वेळापत्रक पाहाल, तर जायला येण्यापेक्षा साधारण तासभर जास्त लागतो. असं का?

त्याचं कारण वारा! साधारण १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. हिवाळ्यात तर त्यांचा जोर आणखी वाढतो. लंडन आपल्या पश्चिमेला. म्हणून जाताना वारा समोरून येतो आणि येताना पाठीमागून ढकलतो. नदीत प्रवाहाविरुद्ध पोहणं आणि प्रवाहाबरोबर पोहणं, तसंच हे.

समजा, वाऱ्याचा वेग ताशी ८० किलोमीटर आहे. जाताना विमानाचा वेग उरेल ७२०. वेळ लागेल १० तास. येताना वेग होईल ८८०. वेळ लागेल सुमारे ८ तास ११ मिनिटं.

गंमत लक्षात आली का? जाताना ६० मिनिटं गेली, पण येताना ४९च परत मिळाली! कारण उलटा वारा १० तास सोसावा लागला, आणि मदतीचा वारा मात्र सव्वाआठ तासही लाभला नाही.

म्हणूनच इंधन भरताना नुसतं अंतर पाहून भागत नाही. वाऱ्याचा अंदाज घ्यावा लागतो, शिवाय राखीव इंधनही ठेवावं लागतं. आकाशात पेट्रोलपंप थोडाच असतो!

आता घड्याळाची गंमत. हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. समजा, मामाचं विमान मुंबईहून दुपारी २ वाजता निघालं आणि तिकिटावर लंडनला पोचायची वेळ आहे संध्याकाळी साडेसहा. म्हणजे साडेचार तासांत लंडन? छे! तिकिटावर ज्या त्या गावची वेळ छापतात. तिथे साडेसहा वाजतात, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे १२ वाजलेले असतात. प्रवास झाला १० तासांचा.

तेव्हा आजीला आधीच सांगून ठेवा, ‘मामाचा फोन रात्री बारानंतर येईल.’ नाहीतर बिचारी संध्याकाळपासून जीव मुठीत धरून बसेल!

आता तुमची पाळी. हिवाळ्यातच एक विमान लंडनहून रात्री ९ वाजता निघालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला मुंबईत उतरलं. प्रवास किती तासांचा? आईबाबांना उत्तर विचारू नका हं, उलट त्यांनाच हे कोडं घाला! उत्तर पुढच्या अंकात.