डिस्चार्ज मिळाला म्हणजे माणूस बरा झाला का?

आमच्या वस्तीतला एक सेंट्रिंग कामगार तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावरून पडला. डोक्यावर हेल्मेट नव्हते आणि ठेकेदाराच्या वहीत त्याचे नाव नव्हते. आम्ही कार्यकर्त्यांनी रातोरात रक्तदाते उभे केले, व्हॉट्सअ‍ॅपवर आवाहन करून ऑपरेशनसाठी पैसे जमवले. सव्वा महिन्याने तो घरी आला. वस्तीत पेढे वाटले गेले. जीव वाचला म्हणून आम्ही समाधानाने आपापल्या कामाला लागलो. आमची चूक इथेच झाली.

हातपाय चालत होते, पण सकाळी जेवल्याचे दुपारी आठवत नव्हते. बोलताना शब्द सापडत नव्हता. छोट्याशा कारणाने ताट भिरकावले जात होते. शेजाऱ्यांनी ठरवले, हा पुन्हा प्यायला लागला. नातेवाइकांनी 'बाहेरचे' म्हणून देवऋषी सुचवला. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराच्या उंबऱ्यावर लिंबू आले! आम्ही विज्ञानावर भाषणे देतो, पण मेंदूला मार बसल्यावर स्वभाव बदलू शकतो, एवढे साधे विज्ञान त्या घरापर्यंत आम्ही पोहोचवले नव्हते.

मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की राग आवरणे, कामाचा क्रम लावणे, स्वतःहून काही सुरू करणे अवघड होते. फिट येऊ शकते. थोड्या श्रमानेही प्रचंड थकवा येतो. हा आळस नव्हे आणि माजही नव्हे. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत वेगाने होते, पण तिथेच थांबत नाही. सराव मिळाला तर ती पुढे अनेक वर्षे होऊ शकते. त्यासाठी फिजिओथेरपी लागते, वाचा उपचार लागतात, आंघोळीपासून हिशोबापर्यंत रोजची कामे पुन्हा शिकवणारी ऑक्युपेशनल थेरपी लागते. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. पण मराठवाड्यातल्या मजुराने दर आठवड्याला हाजी अली गाठायची कशी?

मग हे सगळे पडते घरातल्या बाईवर. या तरुणाच्या पत्नीने धुण्याभांड्याची चारपैकी तीन घरे सोडली. थोरली मुलगी बापाजवळ बसायचे म्हणून शाळा बुडवू लागली. एक माणूस पडला आणि एका पिढीचे शिक्षण धोक्यात आले. हा प्रश्न जातीचा नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी मजूर नाक्यावर सकाळी उभे राहून पाहावे की बिनहेल्मेटचे, बिननोंदणीचे काम कोणाच्या वाट्याला येते.

काही मित्र म्हणतात, हे डॉक्टरांचे काम आहे, चळवळीने राजकारण करावे. आम्हाला हे मान्य नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेबांकडे कामगार खाते होते. कामगारांच्या आरोग्य विम्याचा अदारकर अहवाल १९४४ साली त्याच काळात आला आणि पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. आजारपण आणि अपंगत्वात सरकारी साहाय्याची तरतूद राज्याने करावी, असे संविधानाचे कलम ४१ सांगते. मग हे राजकारण नाही तर काय आहे?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस केले. त्यात मेंदूच्या इजेचे स्वतंत्र नाव नाही. या तरुणाचे हातपाय तपासले गेले, स्मरणशक्ती कोणी तपासली नाही. ४० टक्के भरले नाहीत म्हणून तो रिकाम्या हाताने परतला. मुकादम मात्र म्हणतो, "हा कामाचा राहिला नाही." कामाला अपात्र आणि मदतीलाही अपात्र, मग या माणसाने जायचे कुठे?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. डिस्चार्ज कार्डासोबत पुनर्वसनाचा लेखी आराखडा मिळावा. तालुक्याच्या रुग्णालयात हे उपचार मिळावेत. मेंदूची इजा कायद्याच्या यादीत नावानिशी यावी.

पण तोपर्यंत आपण हात बांधून बसायचे का? अपघात झाला की त्याच आठवड्यात पोलीस नोंद, कामाचे पुरावे आणि सर्व रिपोर्ट जपून ठेवा. नुकसानभरपाईचा दावा त्यावरच उभा राहतो. नाक्यावरच्या कामगारांची बांधकाम मंडळात नोंदणी करून घ्या. आठवड्यातून दोन तास रुग्णाजवळ बसा, त्याच्याकडून पेपर वाचून घ्या, त्या बाईला थोडी मोकळीक द्या. याला पैसा लागत नाही.

गेल्या १४ एप्रिलला मिरवणुकीचा डीजे त्याच्या दारासमोर थांबला. पूर्वी लेझीम पथकात सर्वांत पुढे असणारा तो, कानावर उशी दाबून कोपऱ्यात बसला होता. मेंदूच्या इजेनंतर अनेकांना मोठा आवाज सहन होत नाही, हे आम्हाला ठाऊक होते, तरी आम्ही मंडळाला वेळेवर सांगितले नाही. यंदा त्या गल्लीत डीजे बंद ठेवायचा ठराव आम्ही मांडणार आहोत. ऑपरेशनसाठी एका रात्रीत उभा राहणारा समाज पुढची पाच वर्षेही उभा राहू शकतो. त्याची सुरुवात आपल्याच गल्लीतून करू या.

जयभीम!